धान्याचं कोठार कुणाच्या दारी?

सोयरीक जुळवताना आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, "शेती किती?" जमिनीवरून माणसाची पायरी ठरवायची ही रीत किती जुनी असेल, बरं?

पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात तिथं उत्खनन केलं. इ.स.पूर्व १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं गाव मातीखालून वर आलं. सातू पिकवणारी, पुराचं पाणी पाटानं वळवणारी ही माणसं. बहुतेकांची घरं लहान, कुडाची. एक घर मात्र चांगलं पाच खोल्यांचं, आणि त्याला लागूनच धान्याचं कोठार नि पेवं! हे गावप्रमुखाचं घर असावं, असं संशोधक म्हणतात. कुंभारासारखे कारागीर राहायचे ते पश्चिमेच्या कडेला. मेल्यावरही भेद होताच. मोठ्या माणसांना पुरताना पावलं तोडत. पण चार पायांच्या मोठ्या रांजणात पुरलेल्या एका पुरुषाची पावलं शाबूत होती. ज्याच्या दारी धान्य, त्याचा मान!

पुढं गावगाड्यातही तेच. वंशपरंपरेनं जमीन असलेला तो मिरासदार, बाहेरून येऊन कसणारा तो उपरी.

जमिनीवरचं नाव बदललं की पायरीही बदलते, हे आपल्या शाहू महाराजांनी ओळखलं होतं. १९१८ मध्ये त्यांनी महार वतनं रद्द केली. वतनाच्या जमिनी त्या त्या लोकांच्या नावे केल्या आणि वेठीतून त्यांना सोडवलं.

मग बाईची पायरी कोणती? पेरणी, खुरपणी, मळणी, सगळीकडे तिचे हात. सातबाऱ्यावर नाव मात्र बहुधा तिचं नसतंच. हिंदू वारसा कायदा महाराष्ट्रात १९९४ मध्ये बदलला, तो अविवाहित मुलींपुरता. २००५ पासून देशभर वडिलोपार्जित जमिनीत लेकीला लेकाइतकाच हक्क आहे, लग्न झालेलं असो वा नसो. तरी साडीचोळी घेऊन हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणी आपण पाहतोच ना? "माहेर तुटेल" ही भीती खोटी नाही. पण भावाची माया सहीवरच अवलंबून असेल, तर ती माया कसली?

म्हणून मैत्रिणींनो, सही करण्याआधी तलाठ्याकडून सातबारा आणा आणि स्वतः वाचा. सासरच्या जमिनीचाही बघा. घरातल्या डब्यांवर नावं घालतो आपण. जमिनीवर कुणाचं आहे, हेही ठाऊक हवंच की!