चषक कोणाचा? : बुडापेस्टच्या लोखंड-कामगारांच्या क्लबाची हकीकत

काही वर्षांपूर्वी एका कारखान्याला टाळे लागले. त्या कारखान्याचा कबड्डीचा संघ पंचक्रोशीत नावाजलेला होता. टाळेबंदीला चार महिने झाल्यावर संघातले दोन खेळाडू आमच्या कचेरीत आले. थकलेल्या पगाराची चौकशी करायला आले असतील, असे आम्हांला वाटले. पण त्यांचा प्रश्न निराळाच होता. "भाऊ, आमचे पेले आत ऑफिसातल्या कपाटात राहिलेत. ते कोणाचे?" आम्ही कागद पाहिले. संघाची नोंद कंपनीच्या नावाने, प्रवेशपत्रे कंपनीच्या नावाने, बनियनवर नाव कंपनीचे. घाम तेवढा पोरांचा. ग्रॅच्युइटीची कलमे आम्हांला पाठ होती, पण या प्रश्नाला उत्तर देता आले नाही.

त्या दिवसापासून, कामगारांनी स्वतःच्या नावाने खेळाचा संघ काढला व चालवला असे कोठे झाले आहे काय, याचा आम्ही शोध घेऊ लागलो. तो शोध आम्हांला हंगेरी देशाच्या राजधानीत, बुडापेस्ट शहरात घेऊन गेला. प्रवास अर्थात पुस्तकांतूनच झाला. तेथील एका फुटबॉल क्लबाची हकीकत आज सांगावयाची आहे. क्लबाचे नाव 'वॉशॉश'. हंगेरियन भाषेत 'वॉश' म्हणजे लोखंड आणि 'वॉशॉश' म्हणजे लोखंडाचे काम करणारा. नावातच त्याची जात व व्यवसाय दोन्ही आले!

हा क्लब १६ मार्च १९११ रोजी स्थापन झाला. लोखंड व धातुकाम करणाऱ्या कामगारांच्या संघटनेने तो काढला आणि 'लोखंड व धातू कामगारांचा क्रीडा क्लब' असे सरळ नाव त्याला दिले. त्या वेळी बुडापेस्टमध्ये फुटबॉल नवा नव्हता. उयपेश्त हा क्लब १८८५ चा, एम.टी.के. १८८८ चा, फेरेन्त्सवारोश १८९९ चा. एम.टी.के. म्हटले म्हणजे शहरातला सुशिक्षित व्यापारी वर्ग, त्यातही ज्यू समाज, डोळ्यांपुढे येई. फेरेन्त्सवारोशच्या मागे त्या नावाच्या वस्तीतली सामान्य माणसे असत. म्हणजे प्रत्येक क्लबाच्या मागे एखादी वस्ती किंवा एखादा समाज उभा होता. कामगारही सामने पाहावयास जात, पण दुसऱ्याच्या मांडवात बसून. आता त्यांनी आपला मांडव घातला.

तो काळ कसा होता हे ध्यानात घेतले पाहिजे. हंगेरीत तेव्हा सामान्य कामगाराला मताचा अधिकार नव्हता. क्लब निघाल्यानंतर चौदा महिन्यांनी, २३ मे १९१२ रोजी, मताधिकारासाठी बुडापेस्टचे कामगार काम बंद ठेवून रस्त्यावर आले, गोळीबार झाला आणि माणसे मेली. तो दिवस तेथे 'रक्तवर्णी गुरुवार' म्हणून ओळखला जातो. राज्यकारभारात ज्यांना शब्द नव्हता अशांनी निदान एका मैदानात तरी आपला शब्द चालेल अशी व्यवस्था केली, हे या क्लबाचे पहिले महत्त्व. अवघ्या पाच वर्षांत, १९१६ साली, हा संघ देशाच्या पहिल्या वर्गात खेळू लागला.

क्लबाचे माहेर म्हणजे शहराचा उत्तरेकडील भाग, आंद्यालफोल्ड. या शब्दाचा अर्थ 'देवदूतांची भूमी'. प्रत्यक्षात तेथे देवदूतांपेक्षा धुराडी अधिक होती. यंत्रांचे कारखाने होते, डॅन्यूबच्या काठी जहाजे व याऱ्या बांधण्याचे कारखाने होते, आणि कामगारांच्या दाटीच्या चाळी. लाल व निळा हे क्लबाचे रंग त्या वस्तीचेच रंग झाले.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. युरोपात कारखानदारांनी काढलेले संघही पुष्कळ होते. बुडापेस्टच्याच दक्षिणेस चेपेल येथे वाइस मानफ्रेड या बड्या उद्योगाचा संघ होता, आणि तो १९४२ व १९४३ साली हंगेरीत अजिंक्य ठरला. त्यात खेळणारेही कामगारच. मग फरक कोणता? फरक वर्गणीचा. कंपनीच्या संघाला पैसा वरून येतो, म्हणून त्याचा जाबही वर द्यावयाचा असतो. संघटनेच्या क्लबाचा जाब खाली, म्हणजे सभासदाला, द्यावा लागतो. आम्ही तीसेक वर्षे वर्गणीच्या पावत्या फाडल्या आहेत. माणूस जेथे खिशातून पैसा काढून देतो तेथेच तो "हिशेब दाखवा" असे म्हणतो, हा आमचा अनुभव आहे.

१९१९ नंतर हंगेरीत होर्थीची राजवट आली. १९२१ साली सरकार आणि समाजवादी पक्ष यांच्यात एक करार झाला. त्यात कामगार संघटनांना जगू देण्यात आले, परंतु राजकीय संपाचा मार्ग बंद झाला आणि सरकारी नोकर व रेल्वेचे कामगार यांत संघटना करण्याला मनाई झाली. अशा कोंडीतही हा क्लब टिकला. १९२६ पासून हंगेरीत धंदेवाईक फुटबॉल सुरू झाले व पैशाचे बळ असलेले क्लब पुढे गेले. या काळात वॉशॉशच्या नावावर एकही अजिंक्यपद नाही. तथापि टिकणे हेही काम असते, हे संघटनेत असलेल्यांना सांगावयास नको.

दुसऱ्या महायुद्धानंतर कामगारांचे म्हणविणारे सरकार आले. आता या क्लबाला सोन्याचे दिवस येतील असे कोणालाही वाटले असते. झाले ते गमतीचे आहे. १९४९-५० च्या सुमारास सरकारने देशातले सर्व क्लब ताब्यात घेतले व त्यांची खात्यांमध्ये वाटणी केली. किशपेश्त हा उपनगरातला क्लब सैन्याकडे गेला व 'होनवेद' झाला. पुश्काशचा जगप्रसिद्ध संघ तो हाच. एम.टी.के. गुप्त पोलिसांच्या छायेखाली गेला आणि त्याचे पहिले नवे नाव काय, तर कापड कामगारांच्या संघटनेचे! फेरेन्त्सवारोशवर अन्नपदार्थ कामगारांच्या संघटनेचे नाव चिकटवले गेले आणि त्याचा हिरवा-पांढरा रंग काढून लाल-पांढरा दिला. ज्यांनी कधी संघटनेची पावती पाहिली नव्हती असे क्लब एका रात्रीत संघटनेचे झाले. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

खुद्द 'वॉशॉश' हे नावही असेच वाटले गेले. चेपेल, द्योर, दिओशद्योर अशा ठिकाणचे लोखंडी कारखान्यांचे संघ 'वॉशॉश' म्हणवू लागले. मूळच्या क्लबाला आपण कोणते हे सांगण्यासाठी मागे 'बुडापेस्ट' लावावे लागले! अस्सल नाण्यावर असा प्रसंग यावा, यात त्या राज्यपद्धतीचे सारे मर्म आहे. खालून उगवलेली गोष्ट आणि वरून लावलेली पाटी यांतला फरक त्या राज्यकर्त्यांना दिसत नव्हता, किंवा दिसू द्यावयाचा नव्हता.

देश सोडून जाणारेही होतेच. कुबाला हा असामान्य खेळाडू १९४८ साली वॉशॉशमध्ये आला आणि जानेवारी १९४९ मध्ये सीमा ओलांडून निघून गेला. पुढे बार्सिलोनाने त्याला डोक्यावर घेतले.

इतके झाले तरी मैदानावर या क्लबाचा उदय याच दशकात झाला, हे मान्य केले पाहिजे. लायोश बारोती हा शिक्षक १९५३ पासून संघाला घडवीत होता. पुढे तो हंगेरीच्या राष्ट्रीय संघाचाही शिक्षक झाला. १९५५ साली वॉशॉशने होनवेदला ३-२ असे हरवून राष्ट्रीय चषक जिंकला. दुसऱ्या वर्षी मध्य युरोपातील देशांच्या मित्रोपा चषकात व्हिएन्नाच्या रापिड संघाशी दोनदा बरोबरी झाली आणि निर्णायक सामन्यात वॉशॉशने तब्बल ९-२ असा विजय मिळवला. हा चषक त्याने पुढे एकंदर सहा वेळा नेला.

आणि मग १९५६ चा ऑक्टोबर आला. बुडापेस्टमध्ये उठाव झाला, सोव्हिएत रणगाडे शहरात शिरले. उठाव मोडल्यावरही कारखान्यांतील कामगार समित्या हटल्या नाहीत. १४ नोव्हेंबर रोजी त्यांनी साऱ्या बुडापेस्टची मध्यवर्ती समिती स्थापन केली. डिसेंबरात सरकारने तिच्यावर बंदी घातली, समितीने अठ्ठेचाळीस तासांचा संप पुकारला, आणि पुढाऱ्यांना अटक झाली. कामगारांच्या नावाने चालणाऱ्या सरकारने कामगारांनीच निवडलेल्या समित्या मोडल्या.

त्या वर्षीची फुटबॉलची अजिंक्यपद स्पर्धा अर्धवट राहिली. होनवेदचा संघ परदेशात होता. पुश्काश, कोचिश, त्सिबोर परतलेच नाहीत. १९५७ च्या वसंतात एकाच फेरीची लहानशी स्पर्धा झाली आणि ती वॉशॉशने जिंकली. स्थापनेनंतर सेहेचाळीस वर्षांनी मिळालेले हे पहिले अजिंक्यपद. ते मिळाले केव्हा, तर कामगारांच्या समित्या मोडून सहा महिनेही झाले नव्हते तेव्हा. नवा सत्ताधीश यानोश कादार हा तरुणपणी याच लोखंड-कामगारांच्या चळवळीत वावरलेला आणि वॉशॉशचा नामांकित चाहता!

येथे आम्ही पुष्कळ थांबलो. आनंद मानावा की खेद करावा? एकदा वाटले, हा चषक डागाळलेला आहे. पण पुन्हा विचार करता असे वाटले की, तो निकाल खेळाडूंवर लावणे अन्यायाचे होईल. तो संघ रणगाड्यांनी घडवलेला नव्हता. त्याने होनवेदला हरवले तेव्हा होनवेद भरभराटीत होता. पुढच्याच वर्षी युरोपीय चषकात वॉशॉशने सोफियाचा सैनिकी संघ, स्वित्झर्लंडचा यंग बॉईज व आम्स्टरडॅमचा आयाक्स यांना मागे टाकले आणि उपान्त्य फेरीत दि स्तेफानोच्या रेआल माद्रिदला बुडापेस्टमध्ये २-० असे हरवले. माद्रिदमध्ये आधी ४-० अशी हार झाली होती म्हणून अंतिम सामना हुकला. तेव्हा विजय खरा होता. मालकी मात्र खरी राहिली नव्हती. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे आम्ही या क्लबापासून शिकलो.

साठीचे दशक हे या क्लबाचे वैभव. १९६१, १९६२, १९६५ व १९६६ अशी चार अजिंक्यपदे सहा वर्षांत आली. १५ जुलै १९६६ रोजी इंग्लंडमध्ये जागतिक चषकात हंगेरीने ब्राझीलला ३-१ असे हरवले. जागतिक चषकात ब्राझील १९५४ नंतर प्रथमच हरत होते, आणि १९५४ सालीही त्यांना हरवणारे हंगेरियनच होते. १९६६ च्या या सामन्यातला दुसरा गोल यानोश फार्काशचा. चेंडू जमिनीला लागू न देता, धावत येऊन मारलेला तो फटका आजही दाखवला जातो. तिसरा गोल काल्मान मेसोयने पेनल्टीवर केला. दोघेही वॉशॉशचे.

या काळातला मुख्य माणूस म्हणजे रुडॉल्फ इलोव्स्की. आधी खेळाडू, मग शिक्षक. गेला की पुन्हा परत येणारा. १९७७ चे सहावे आणि शेवटचे अजिंक्यपदही त्याच्याच हाताखाली आले. त्या हंगामात बेला वारादी या एकट्या खेळाडूने ३६ गोल केले. इलोव्स्की २००८ साली वारला. त्याचेच नाव आता क्लबाच्या मैदानाला आहे.

त्यानंतरची हकीकत थोडक्यात सांगण्यासारखी. १९८६ साली राष्ट्रीय चषक चौथ्यांदा जिंकला. १९८९ नंतर राज्यपद्धती पालटली. कारखाने बंद पडले, विकले गेले, सभासद पांगले. आंद्यालफोल्डच्या हमरस्त्यावर जेथे भोंगे वाजत तेथे काचेच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. क्लब पुरस्कर्त्यांच्या मागे लागला. २०१२ साली दुसऱ्या वर्गात गेला, २०१५ ला वर आला, २०१७ साली चक्क तिसरा आला, २०१८ ला पुन्हा खाली, २०२२ ला वर, २०२३ ला खाली. २०१९ साली जुन्या जागी नवे, देखणे मैदान उघडले. नाव 'वॉशॉश' हेच, रंग लाल-निळेच. लोखंडाचे काम करणारे मात्र आसपास फार उरले नाहीत.

म्हणजे शेवटी हा प्रयोग फसला काय? आम्हांला तसे वाटत नाही. राजवटी आल्या आणि गेल्या, होनवेदने आपले मूळचे नाव सोडले, फेरेन्त्सवारोशला रंग परत मिळवावे लागले. आंद्यालफोल्डच्या लोकांना मात्र आपल्या क्लबाला कोणते नाव द्यावे हा प्रश्न कधी पडला नाही, कारण ते पहिल्या दिवशी त्यांनीच दिले होते. मालकी हिरावली जाते, पण मूळ कोणाचे याची साक्ष राहते. पण नुसती साक्ष पुरेशी नाही. ज्या दिवशी सभासद हिशेब मागण्याचे थांबवतो, किंवा त्याला थांबवले जाते, त्या दिवशी संस्था दुसऱ्याची होते. मग ती कारखानदाराची होवो, सरकारची होवो, की पुढाऱ्याची.

आपल्या गावात वाचनालये आहेत, तालमी आहेत, पतपेढ्या आहेत, मंडळे आहेत. ही व्याख्यानमालाही आहेच. त्यांच्या वार्षिक सभेला किती सभासद हजर असतात, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

ते दोन खेळाडू पुढे वस्तीतल्या पोरांना कबड्डी शिकवू लागले. संघाची नोंद करण्याची वेळ आली तेव्हा ते पुन्हा आमच्याकडे आले. या खेपेस नाव कोणाचे घालावयाचे, हे त्यांना ठाऊक होते. त्यांना हवे होते ते फक्त पावतीपुस्तक.