गुडघ्याच्या गादीची पकड

गुडघ्याची ‘गादी झिजली’ असे डॉक्टर सांगतात. ही गादी म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतू नाहीत आणि पेशीही तुरळक. बाकी असते ते कोलॅजनच्या तंतूंचे जाळे आणि त्यात धरून ठेवलेले पाणी. हे जाळे राखण्याचे काम त्या मोजक्या पेशींचे.

जाळ्यावर किती भार आला, हे पेशीला कळते कसे? तिच्या आवरणात इंटेग्रिन नावाची प्रथिने आरपार रोवलेली असतात. त्यांचे बाहेरचे टोक कोलॅजनला धरते, आतले टोक पेशीच्या सांगाड्याला जोडलेले असते. पाऊल पडले की कूर्चा दबते आणि तो दाब या दुव्यातून पेशीत पोहोचतो. त्यानुसार ती जाळ्याची डागडुजी करते. यांपैकी अल्फा-१०-बीटा-१ हे इंटेग्रिन स्वीडनमधील संशोधकांनी १९९८ मध्ये कूर्चेच्या पेशींवर शोधले.

ही पकड सुटली तर पेशी मरू शकते. जाळ्यातली प्रथिने तुटली, तर त्यांचे तुकडे इंटेग्रिनला चिकटून उलटाच निरोप देतात. मग पेशी कोलॅजन कापणारी विकरे सोडू लागते आणि झीज वाढते.

म्हणूनच गुडघ्याला अति भार नको, तशी कायमची विश्रांतीही नको. झेपेल तेवढे नियमित चालावे. वजन जास्त असल्यास उतरवावे. एक किलो घटले, तरी प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो.