परदेशी सेमिनरीचे विद्यार्थी आणि महाराष्ट्रातले धर्म: एका शतकाचा मागोवा

ख्रिस्ती धर्मगुरू होण्यासाठी सेमिनरीत शिकणाऱ्या तरुणांनी काही काळ परदेशी जावे, तिथल्या ख्रिस्ती मंडळीत राहावे आणि त्याबरोबरच तिथले इतर धर्म त्यांच्या अनुयायांकडून समजून घ्यावेत, ही कल्पना विसाव्या शतकात रुजली. त्याआधी येणारे बहुतेक जण शिकवायला येत. अपवाद होते, आणि त्यांतला सर्वांत मोठा अपवाद मराठीच्याच वाट्याला आला. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरले, इथली भाषा आणि पुराणांचा घाट त्यांनी आत्मसात केला, आणि १६१६ मध्ये त्यांचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापून निघाले. पण स्टीफन्स जे शिकले ते ख्रिस्तकथा सांगण्यासाठी. ज्या पुराणपरंपरेची शैली त्यांनी उचलली, तिच्या श्रद्धेकडे आदराने पाहण्याची मुभा त्या काळच्या चर्चमध्ये नव्हती.

ही मुभा हळूहळू मिळत गेली. १९१० च्या जून महिन्यात एडिनबरो येथे प्रॉटेस्टंट मिशनांची जागतिक परिषद भरली. तिच्या एका आयोगाने जगभरच्या मिशनऱ्यांना प्रश्नावली पाठवून इतर धर्मांविषयीचे त्यांचे अनुभव मागवले होते. दुसऱ्या एका आयोगाने मिशनऱ्यांच्या शिक्षणाचा विचार केला आणि भाषा व धर्म यांच्या अभ्यासावर भर दिला. त्याच परिषदेत व्ही. एस. अझरिया या भारतीय धर्मगुरूंनी परदेशी मिशनऱ्यांकडे मदतीपेक्षा मैत्री मागितली. आयोगांच्या जाडजूड अहवालांपेक्षा ही मागणी पुढे अधिक काळ टिकली.

महाराष्ट्रात या वळणाची सामग्री आधीपासून तयार होत होती. पुण्यातील स्कॉटिश मिशनरी निकोल मॅकनिकल यांनी १९१९ मध्ये मराठी संतांच्या १०८ रचना इंग्रजीत आणल्या. अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन अॅबट यांनी निवृत्तीनंतर मायदेशी बसून १९२६ पासून महाराष्ट्रातील संतकवींवरची ग्रंथमाला प्रसिद्ध केली. इंग्लंड-अमेरिकेतल्या सेमिनरीत शिकणाऱ्या तरुणाला तुकोबा आणि एकनाथ भेटले ते या पुस्तकांतून. शिवाय नारायण वामन टिळकांचे उदाहरण समोर होते. ख्रिस्ती झाल्यावरही भजन, अभंग आणि संतांचा वारसा न सोडणारा हा कवी १९१९ मध्ये वारला, तेव्हा मराठी मंडळीत त्याची गीते सर्वत्र गायली जात होती. इथला ख्रिस्ती धर्म युरोपातल्या चर्चची नक्कल नाही, हे परदेशी पाहुण्याला टिळकांच्या भजनांतून जितके चटकन कळे, तितके कुठल्याही व्याख्यानातून कळत नसे.

टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे जॅक विन्स्लो यांनीच १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ (पुढचा ख्रिस्त प्रेम सेवा संघ) स्थापला. आरंभ अहमदनगरात झाला. पुढे पुण्यात शिवाजीनगरला आश्रम उभा राहिला. भारतीय आणि इंग्रज सभासदांनी एकत्र राहावे, एकाच पंगतीत साधे शाकाहारी जेवण घ्यावे, खादी वापरावी, हा तिथला शिरस्ता होता. राज्यकर्त्या देशातून आलेल्या तरुणांसाठी ही पंगतच मोठे शिक्षण होते.

या आश्रमात १९२७ मध्ये ऑक्सफर्डहून व्हेरिअर एल्विन आले. ईशज्ञानात उत्तम यश मिळवलेला, नुकतीच धर्मगुरूची दीक्षा घेतलेला हा तरुण ख्रिस्ती गूढवाद आणि भारतीय भक्ती शेजारी ठेवून अभ्यासण्याच्या हेतूने आला होता. काही महिन्यांतच साबरमतीला त्यांची गांधीजींशी गाठ पडली आणि अभ्यासाची दिशा पालटली. १९३२ मध्ये आश्रमातले सहकारी शामराव हिवाळे यांच्यासह ते मध्य प्रांतातल्या गोंडांच्या मुलखात राहायला गेले. पुढे त्यांनी धर्मगुरूपद सोडले, चर्चशी नाते तोडले आणि भारतीय नागरिकत्व घेतले. एल्विनना पाठवणाऱ्यांच्या दृष्टीने ही यात्रा फसली असेल. अभ्यासयात्रा म्हणून पाहिले तर इतकी फलदायी यात्रा क्वचितच सापडेल, कारण स्थानिक धर्म म्हणजे केवळ उपनिषदे आणि संतवाङ्मय नव्हे, आदिवासींचे देव आणि त्यांची गाणीही त्यातच येतात, हे एल्विन यांनी आयुष्य घालवून दाखवले.

१९३८ मध्ये मद्रासजवळ तांबरमला भरलेल्या परिषदेत मात्र वारे उलट दिशेने वाहिले. हेन्ड्रिक क्रेमर या डच विद्वानाने बायबलमधले प्रकटीकरण आणि इतर धर्म यांत मूलभूत खंड आहे, असे आग्रहाने मांडले. यानंतर बरीच वर्षे प्रॉटेस्टंट विद्यार्थी भारतात येत तो हा वाद डोक्यात घेऊनच. समोरच्या देवळातल्या माणसाचे ऐकण्याआधीच निवाडा ठरलेला असे.

कॅथलिक बाजूला खरा बदल १९५० नंतरचा. कँडी येथे १८९३ मध्ये स्थापन झालेली पेपल सेमिनरी १९५५ मध्ये पुण्यात नगर रस्त्यावर आली. जेझुइटांचे डी नोबिली कॉलेज आणि पुढे ज्ञानदीप विद्यापीठ म्हणून ओळखली गेलेली संस्था यांमुळे पुणे हे कॅथलिक धर्मशिक्षणाचे मोठे केंद्र बनले. डेक्कन कॉलेज, भांडारकर संस्था आणि पुणे विद्यापीठ सायकलच्या अंतरावर होते. सेमिनरीच्या कुंपणाबाहेर इतकी विद्वत्ता सहज उपलब्ध असण्याचा योग फार थोड्या शहरांना लाभला.

याचे सर्वांत सुंदर फळ म्हणजे गी दल्यूरी या फ्रेंच जेझुइटाचे काम. त्यांनी तुकोबांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले; ते पुस्तक १९५६ मध्ये पॅरिसला निघाले. १९६० मध्ये डेक्कन कॉलेजने त्यांचा विठोबा-उपासनेवरचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. पालखीची रचना, दिंड्यांचा क्रम, वारीतली भजने यांचा त्यातला तपशील ग्रंथालयात बसून मिळणारा नाही. जर्मन जेझुइट मॅथ्यू लेदर्ले यांनी शनिवार पेठेत स्नेहसदन उभारले. पेठेतल्या शेजाऱ्यांशी आणि मराठी विचारवंतांशी त्यांचा संवाद वर्षानुवर्षे चालला, आणि १९७६ मध्ये आधुनिक महाराष्ट्रातील तत्त्वविचारावरचा त्यांचा ग्रंथ आला. दोघांनीही आधी मराठी पक्की केली, हे विसरून चालणार नाही.

रोममध्ये २८ ऑक्टोबर १९६५ या एकाच दिवशी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे दोन दस्तऐवज जाहीर झाले. एकाने इतर धर्मांतले सत्य आणि पावित्र्य चर्च नाकारत नाही असे सांगितले. दुसऱ्याने सेमिनरीच्या विद्यार्थ्यांना आपापल्या प्रदेशातल्या धर्मांची ओळख करून द्यावी असे ठरवले. त्याच्या आदल्या वर्षी, डिसेंबर १९६४ मध्ये, पोप सहावे पॉल मुंबईत येऊन इतर धर्मांच्या प्रतिनिधींना भेटले होते आणि त्यांनी उपनिषदातली प्रार्थना उद्धृत केली होती. सेमिनरीतल्या तरुणांना जे आधी चोरून वाचावे लागे ते आता अभ्यासक्रमात आले.

सत्तरचे दशक हे आश्रमांचे. पुण्याचा ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम १९७२ मध्ये नव्याने सुरू झाला तो अँग्लिकन आणि कॅथलिक भगिनींच्या सहजीवनातून. शांकर वेदान्ताच्या अभ्यासक सारा ग्रँट तिथल्या प्रमुख आचार्या होत्या. परदेशी विद्यार्थी तिथे उतरत, मौन आणि उपनिषदांचे वाचन अनुभवत. याच काळात मार्क शादुक हा फ्रेंच सेमिनरीचा विद्यार्थी १९७१ मध्ये अभिषिक्तानंद या भारतात राहणाऱ्या फ्रेंच बेनेडिक्टाइन संन्याशाकडे आला. ३० जून १९७३ रोजी ऋषिकेशला गंगेत उभे राहून त्याने संन्यास घेतला; दीक्षा दिली अभिषिक्तानंद आणि शिवानंद आश्रमाचे स्वामी चिदानंद या दोघांनी मिळून. दोन परंपरांनी एका तरुणाला असा एकत्र संन्यास देणे ही असामान्य घटना होती, आणि ती अभ्यासक्रमात बसणारी नव्हती.

आश्रमांच्या या वाटेवर एक मोठी उणीव राहिली. वेदान्त आणि भक्ती पाहायला आलेल्यांच्या नजरेतून १४ ऑक्टोबर १९५६ चे नागपूर बराच काळ निसटले. महाराष्ट्रातला सर्वांत जिवंत धार्मिक बदल बाबासाहेब आंबेडकरांच्या धम्मदीक्षेने घडला होता, आणि त्याला जातीचा प्रश्न जोडलेला होता. १९८१ मध्ये बंगळूरला अरविंद निर्मल यांनी दलितांच्या अनुभवातून ईशज्ञान मांडण्याची सुरुवात केली, तेव्हा कुठे दीक्षाभूमी आणि वस्तीतले बुद्धविहार अशा दौऱ्यांच्या कक्षेत येऊ लागले. मराठी मंडळीतील बहुसंख्य ख्रिस्ती दलित समाजातून आलेले असल्याने, हा प्रश्न टाळून इथला ख्रिस्ती धर्मही समजत नाही.

त्याच दशकात दौऱ्याचे स्वरूप बदलले. १९८८ पासून उत्तर अमेरिकेतल्या बारा सेमिनऱ्यांनी एकत्र येऊन प्राध्यापक, विद्यार्थी आणि विश्वस्त यांना आशिया, आफ्रिका व लॅटिन अमेरिकेत काही आठवड्यांच्या मुक्कामासाठी पाठवण्याचा प्रकल्प राबवला. हवाई प्रवास स्वस्त झाल्याने असे छोटे दौरे पुढे सर्रास होऊ लागले. महाराष्ट्रात त्यांचा मार्ग साधारणपणे मुंबईच्या झोपडपट्ट्या, जामखेडचा आरोळे दांपत्याचा आरोग्य प्रकल्प, पुण्यातल्या सेमिनरी आणि एखादे तीर्थक्षेत्र असा. या दौऱ्यांनी अनेक तरुणांना हलवून सोडले, हे खरे. पण तीन आठवड्यांत देऊळ पाहता येते, पुजाऱ्याला दुभाष्याकरवी दोन प्रश्न विचारता येतात. आषाढ महिना मात्र वर्षातून एकदाच येतो. शिवाय यजमान मंडळीवर पाहुणचाराचा भार पडे आणि परतभेटीची संधी त्यांना क्वचितच मिळे, ही तक्रार रास्त होती. म्हणून नंतरच्या चांगल्या कार्यक्रमांनी यजमान संस्थेलाच अभ्यासक्रम ठरवू दिला, मुक्काम लांबवला आणि जाण्याआधी भाषेचे प्राथमिक शिक्षण देण्यास सुरुवात केली.

परदेशी मिशनऱ्यांवरील सरकारी निर्बंधांमुळे दीर्घकाळ राहणारे परदेशी विद्यार्थी दरम्यान कमी होत गेले. पुण्याच्या वर्गांत आज बहुतांश तरुण केरळ, झारखंड, ईशान्य भारत अशा प्रदेशांतून आलेले असतात, आणि वारकऱ्यांची परंपरा त्यांनाही नवखीच असते. दल्यूरींनी विद्यार्थी म्हणून जो अभ्यास केला तो आता त्यांच्यापुढे आहे.