सहा सेंटीमीटरचा लंबक

पंचवीस सेंटीमीटर सुतळीला एक खडा बांधा आणि हलका झोका द्या. साधारण एका सेकंदात तो जाऊन परत येतो. आता तीच सुतळी सहा सेंटीमीटरवर चिमटीत धरा. खडा सेकंदाला दोन फेऱ्या मारू लागतो. खड्याचं वजन बदललं तरी फरक पडत नाही. हिशेब सगळा लांबीचा.

पहिला लंबक म्हणजे आरामशीर मोटार आणि दुसरा म्हणजे स्पोर्ट्‌स कार. हे अक्षरशः खरं आहे. गाडीच्या वजनाने तिची स्प्रिंग जेवढी दबते, तेवढ्या लांबीचा लंबक ज्या लयीत हलतो त्याच लयीत ती गाडी स्प्रिंगवर खालीवर होते. पंचवीस सेंटीमीटर दबणारी स्प्रिंग सेकंदाला एकदा डोलते, सहा सेंटीमीटर दबणारी दोनदा. घरगुती गाड्या सेकंदाला एक ते दीड हेलकाव्यांच्या मध्ये असतात. स्पोर्ट्‌स कार दीडच्या पुढे दोन-अडीचपर्यंत जाते, आणि हवेच्या दाबाने जमिनीला चिकटून पळणारी शर्यतीची गाडी तर तीन-चारच्याही वर. मग स्पोर्ट्‌स कार रोज भाजी आणायला, पोरांना शाळेत सोडायला वापरता येईल का, या प्रश्नाचं बरंचसं उत्तर या एका आकड्यात आहे.

आणि हा प्रश्न हिंगोली जिल्ह्यात विचारण्यासारखा आहे. कारण इथला रस्ता काळ्या मातीवर आहे.

दख्खनच्या बेसॉल्ट खडकाची झीज होऊन झालेली ही माती. तिच्यातलं मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज पातळ पदरांचं असतं, आणि पाणी त्या पदरांच्या मध्ये शिरतं. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ज्या गुणामुळे तिच्यात ओल टिकते आणि सोयाबीन, कापूस, हळद तग धरते, त्याच गुणामुळे तिच्यावरचा रस्ता दरसाल वरखाली होतो. खाली मुरुमाचा जाड थर नसेल, पाण्याला वाट नसेल, तर दोन-तीन पावसाळ्यांत डांबराला लाटा येतात. खड्डा दिसतो तरी. दहा मीटर लांबीची, चार बोटं उंचीची लाट डोळ्याला दिसतही नाही.

गाडीला मात्र ती कळते. ताशी 72 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 20 मीटर. या वेगाने दहा मीटरच्या लाटांवरून गेलं की रस्ता गाडीला सेकंदाला बरोबर दोन धक्के देतो, आणि स्पोर्ट्‌स कारची स्वतःची लयही तीच. झोका मागे येताच ढकलावा तसं होतं. प्रत्येक लाट आधीच्या उसळीत भर घालते. शॉकअप नसता तर गाडी उधळलीच असती. मऊ गाडीची ही अवस्था त्याच रस्त्यावर निम्म्या वेगाला येऊन जाते आणि 72 वर ती निवांत असते.

छोट्या, दाट खडबडीचा हिशेब वेगळा. सेकंदाला दहा धक्के देणाऱ्या रस्त्यावर सेकंदाला एकदा डोलणारी गाडी त्या धक्क्याचा शंभरावा भाग आत येऊ देते, दोनदा डोलणारी पंचविसावा. शॉकअपमुळे प्रत्यक्ष आकडे थोडे हलतात, पण स्प्रिंगचा मूळ हिशेब हाच: लय दुप्पट, धक्का चौपट. त्यात माणसाचं शरीर उभ्या हादऱ्यांना सेकंदाला चार ते आठच्या टप्प्यात सर्वात हळवं असतं. कंबर उगाच दुखत नाही.

मग स्प्रिंग कडक करतात तरी का? वळणावर गाडी कलली की आतल्या चाकांची पकड सुटायला लागते. ब्रेक मारला की नाक खाली जातं. वेग वाढला की हवा गाडीला शेकडो किलोंनी खाली दाबू शकते, तेव्हा मऊ स्प्रिंग दबून बसेल. म्हणून स्प्रिंग कडक, शरीर जमिनीलगत. चालवणाऱ्याला रस्त्याचा कण न् कण हाताला कळायला हवा, हीच त्या गाडीची सारी मजा. रोजच्या गाडीकडून आपण नेमकं उलटं मागतो: रस्ता विसरायला लाव.

जमिनीलगत म्हटलं की गतिरोधक आलाच. गाडी खाली लागते ही धास्ती खरी आहे, पण त्यातलं गणित फार सुंदर आहे. इंडियन रोड्‌स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक 10 सेंटीमीटर उंच, 3.7 मीटर रुंद असतो आणि त्याचा माथा 17 मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा असतो. पोर्शे 911 च्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर 2.45 मीटर, पोटाखालची जागा साधारण 11-12 सेंटीमीटर. चारही चाकं त्या उंचवट्यावर असताना दोन चाकांच्या मधला माथा चाकांच्या टेकण्याच्या रेषेपेक्षा किती वर येतो? फक्त साडेचार सेंटीमीटर. गाडी आरामात पार होते. तीच दहा सेंटीमीटर उंची कुणी हातभर रुंदीत डांबर टाकून उभी केली, की पोटाखालचे दहाच्या दहा सेंटीमीटर संपतात आणि एखाद-दोन सेंटीमीटरवर नशीब. म्हणजे अडचण उंचीची नसून रुंदीची आहे. मानकात बसणारा ब्रेकर दुचाकीवरच्या म्हाताऱ्या माणसालाही सुखाचा आणि 911 लाही. मला हे फार समाधानाचं वाटतं.

टायरचंही तसंच. 165/80 आकाराच्या साध्या टायरला रिमपासून रस्त्यापर्यंत 13 सेंटीमीटर रबर मिळतं. 911 च्या पुढच्या 245/35 टायरला साडेआठ. खड्ड्याची धारदार कड आली की रबर चेपून रिम थेट कडेवर आदळायला तेवढंच अंतर उरतं. इंजिनाची काळजी त्या मानाने कमी. सिलिंडरच्या ठोकळ्यावर बसवलेला एक संवेदक ठोक्याचा आवाज ऐकत असतो आणि पेट्रोल हलकं पडलं तर ठिणगी किंचित उशिरा पाडायला लावतो. मराठवाड्याच्या मे महिन्यात पंखे जोरात फिरतात, एवढंच.

हा तिढा सोडवण्याचा गंभीर प्रयत्न 1990 साली रस्त्यावर आला. होंडाची एनएसएक्स. ॲल्युमिनियमचं शरीर, चालकाच्या पाठीमागे इंजिन, आणि तरी बाहेरचं स्वच्छ दिसेल अशी काच, हलकी नियंत्रणं, रोज सकाळी विनातक्रार सुरू होणारं यंत्र. विकसनाच्या काळात शर्यतपटू आयर्टन सेनाने ती चालवून शरीर अधिक ताठ करायला सुचवलं होतं. इथे मुद्दा कळीचा आहे: सांगाडा जेवढा ताठ, तेवढं स्प्रिंग आणि शॉकअपला आपलं काम नीट करता येतं.

पुढची झेप शॉकअपमध्येच झाली. तेलात लोखंडाचे अतिसूक्ष्म कण मिसळलेले, भोवती तारेचं वेटोळं. वेटोळ्यात वीज सोडली की कण साखळ्या करून उभे राहतात आणि पातळ तेल काही सहस्रांश सेकंदांत घट्ट होतं. वीज काढली की पुन्हा पातळ. 2002 साली एका कॅडिलॅकमध्ये आलेलं हे तंत्र पुढे फेरारी आणि ऑडी आर8 मध्ये गेलं. वळणावर घट्ट, लाटेवर पातळ. एकच गाडी दर क्षणी वेगळी. आता तर नाक 4 सेंटीमीटर उचलण्याची सोय असते, आणि नव्या 911 च्या काही प्रकारांत गाडी जागा लक्षात ठेवून ओळखीचा ब्रेकर आला की स्वतःच नाक वर घेते.

आपल्याकडचे प्रयत्नही आठवावेत. तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या शेंद्र्यातल्या कारखान्यातून 2004 च्या सुमारास स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस बाहेर पडली: 1.8 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 150 अश्वशक्ती, पण घरच्यांना मागे ऐसपैस जागा आणि भलीमोठी डिकी. रोजची गाडी आणि वेगाची गाडी एकच, हे मराठवाड्याच्या मातीवर घडलं होतं. दिलीप छाब्रियांच्या डीसी डिझाइनने 2012 मध्ये दाखवलेली अवंती तर दोन आसनांची, मध्ये इंजिन असलेली खरीखुरी स्पोर्ट्‌स कार, आणि तिच्या पोटाखाली 170 मिलिमीटर जागा! आपला रस्ता आधी पाहून मग काढलेलं ते रेखाटन होतं, आणि तो विचार मला आजही बरोबर वाटतो.

आता पुन्हा सुतळीकडे. याच हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लाटा टिपणारी वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्र सरकारने एप्रिल 2023 मध्ये तिला 2,600 कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनी भुजा, आणि त्यांच्या टोकांना टांगलेले आरसे. दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीतून आलेली गुरुत्वीय लाट त्या अंतरात प्रोटॉनच्या दहा हजाराव्या भागाइतका फरक करते. तो मोजायचा तर आरशाला जमीन पूर्ण विसरावी लागते. जागा निवडताना भूकंपाची आणि वाहतुकीची थरथर कमी असणं म्हणूनच महत्त्वाचं होतं.

अमेरिकेतल्या लायगोमध्ये हा आरसा 40 किलोचा आहे आणि शुद्ध सिलिकाच्या चार तंतूंवर टांगलेला आहे. तंतूची जाडी 0.4 मिलिमीटर, लांबी 60 सेंटीमीटर. पंचवीस सेंटीमीटरच्या लंबकापेक्षा लांब, म्हणून आणखी संथ. त्याच्या वर आणखी तीन लंबक, एकाखाली एक. सेकंदाला दहा कंपनांच्या थरथरीचा प्रत्येक टप्पा साधारण शंभरावा भाग पुढे जाऊ देतो. चार टप्प्यांनंतर उरतो दहा कोटींतला एक. त्याच्याही वर असलेलं व्यासपीठ जमीन हलताच स्वतःला उलट दिशेने ढकलतं. एमआयटीतल्या अमर बोस यांनी मोटारीसाठी हेच स्वप्न 1980 पासून पाहिलं होतं; त्यांच्या कंपनीने 2004 मध्ये दाखवलेली गाडी विजेच्या मोटरांनी प्रत्येक चाक आपणहून उचलत उंचवट्यांवरून सपाट जात असे.

एका बाबतीत मात्र आरसा आणि गाडी अगदी उलट आहेत. गाडीला शॉकअपचं घर्षण हवंच, नाहीतर एक उसळी थांबणार नाही. आरशाच्या तंतूत घर्षण जवळजवळ नको, कारण जिथे घर्षण तिथे उष्णतेची बारीक थरथर, आणि ती मोजमापात मिसळते. सिलिका निवडली ती त्यासाठीच. तिच्यात घर्षण इतकं कमी की एकदा लागलेला झोका विरायला फार मोठा काळ जातो. म्हणून झोका शमवण्याचं काम आरशापासून दूर, सर्वात वरच्या लंबकावर केलं जातं, चुंबक आणि तारेच्या वेटोळ्यांनी.