भागाकाराविना सापडलेली मूळ संख्या

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. म्हणजे २चा १२७वा घात, उणे १. ही ३९ अंकी संख्या मूळ आहे, हे एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने १८७६ साली हाताने आकडेमोड करून दाखवलं. १९५१पर्यंत तिच्याहून मोठी मूळ संख्या कुणाला ठाऊक नव्हती.

मेर्सेन या विद्वानाने १६४४मध्ये २चा घात उणे १ अशा रूपाच्या मूळ संख्यांची यादी दिली होती. तिच्यात १२७वा घात होता, तसा ६७वाही होता. पुरावा मात्र त्याने दिला नव्हता. ३१व्या घाताची २१४७४८३६४७ ही संख्या मूळ असल्याचं ऑयलरने सिद्ध केलं, ते संभाव्य विभाजक चाळून. आपल्या संख्येचं वर्गमूळच २० अंकी! तिथे ही वाट खुंटते.

ल्युकाने भाग देऊन पाहणंच सोडलं. त्याच्या कसोटीला लेहमर या गणितज्ञाने १९३०च्या दशकात सुटसुटीत रूप दिलं. ४ घ्या, वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवा, पुन्हा तेच. ३१साठी, म्हणजे पाचव्या घातासाठी, करून पाहा : ४, १४, मग १९४ची बाकी ८, आणि ८चा वर्ग उणे २ म्हणजे ६२, बाकी शून्य. घात पाच असेल तर चौथं पद शून्य यायला हवं. आलं, म्हणून ३१ मूळ. १२७व्या घातासाठी १२६वं पद पाहायचं, म्हणजे १२५ वर्ग.

पण ३९ अंकी संख्यांचे इतके वर्ग हाताने करायचे कसे? मला ल्युकाची खरी प्रतिभा इथे दिसते. त्याने १२७ बाय १२७ घरांचा पट कल्पिला आणि संख्या द्विमान पद्धतीत सोंगट्यांनी मांडल्या. २च्या १२७व्या घाताला आपल्या संख्येने भागलं की बाकी १ उरते. त्यामुळे शेवटच्या स्तंभाबाहेर जाणारी सोंगटी सरळ पहिल्या स्तंभात येते. एका स्तंभातल्या दोन सोंगट्या उचला, पुढच्यात एक ठेवा. बाकी काढण्यासाठी वेगळा भागाकार लागतच नाही. संख्येचं रूपच ते काम करतं. हनोईचा मनोरा हे कोडंही ल्युकाचंच, आणि त्यातल्या कमीत कमी चालीही २चा घात उणे १ इतक्याच.

भाग न देता तपासण्याच्या याच विचाराने त्याने २चा ६७वा घात उणे १ ही संख्या मूळ नसल्याचं दाखवलं, तेही एकही विभाजक हाती नसताना. १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ हे तिचे अवयव फ्रँक कोल यांनी १९०३मध्ये मांडले.

२, ३, ७, १२७ आणि मग आपली संख्या : प्रत्येक पायरीला आधीची संख्या घात होते, आणि पाचही मूळ. सहावी मूळ आहे का? ल्युकाची कसोटी तिथे लावायची तर सुमारे १७ वर ३७ शून्यं इतके वर्ग करावे लागतील. म्हणून उलट टोकाने, तिचा एखादा छोटा विभाजक शोधला जातो. अजून एकही मिळालेला नाही.