तुळशी तलावात चार चमचे साखर

‘सीआरपी’, म्हणजे दाह झाला की रक्तात वाढणारं प्रथिन. हा शब्द मुंबईत काळाचौकीच्या चाळींत आणि अभ्युदयनगरच्या इमारतींत घरोघरी पोचला तो कोविडमुळे. त्याआधी तो डॉक्टरांच्या चिठ्ठीतच राहायचा. मग जिन्यात चौकशी सुरू झाली: किती आला, कालपेक्षा उतरला का? पाठोपाठ ‘आयएल-6’ आला, कारण त्याचा मार्ग अडवणारं टोसिलिझुमॅब इंजेक्शन मिळवायला लोक शहरभर वणवण फिरत होते. तेव्हा चिंता फुप्फुसांची होती. पण हीच दोन नावं नैराश्याच्या संशोधनातही कित्येक वर्षं ठाण मांडून आहेत, आणि तिथले आकडे डोकं गरगरवणारे आहेत.

आयएल-6 म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेला निरोप. धडधाकट माणसाच्या रक्तात तो मिलिलिटरमागे एक-दोन पिकोग्रॅम असतो. पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक. हे डोळ्यांपुढे येत नाही, म्हणून आपला तुळशी तलाव घेऊ, जो भरून वाहू लागल्याची बातमी पावसाळ्यात हमखास येते. त्यात सुमारे 804 कोटी लिटर पाणी मावतं. मिलिलिटरमागे दोन पिकोग्रॅम या हिशेबाने त्या अख्ख्या तलावात साखर विरघळवायची तर किती लागेल? 16 ग्रॅम. चहाचे चार चमचे.

एवढासा निरोप यकृताला कळतो, आणि यकृत सीआरपी बनवायला घेतं. लिटरमागे 3 मिलिग्रॅमच्या वर गेला की सौम्य दाह आहे असं धरतात. याच प्रमाणात तुळशी तलावात साखर टाकायची तर 24 टन लागेल: पन्नास किलोच्या 480 गोण्या! निरोप चमच्यांत, उत्तर गोण्यांत. आपल्या अंगातलं रक्तद्रव मात्र जेमतेम तीन लिटर, म्हणजे सगळा मिळून सीआरपी भरतो 9 मिलिग्रॅम. तांदळाचा अर्धा दाणासुद्धा नाही. जोरदार न्यूमोनियात तो याच्या शंभरपट चढू शकतो. 1930 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना तो सापडला तोही न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात.

मग या अर्ध्या दाण्याचा उदासीशी काय संबंध? नैराश्याच्या 13,541 रुग्णांचे आकडे, 37 अभ्यासांतले, 2019 साली एकत्र तपासले गेले. शंभरातल्या 27 जणांचा सीआरपी 3 च्या वर होता. उरलेल्या 73 जणांचा नव्हता, आणि नैराश्य तर त्यांनाही होतंच. उलट पोटावरची चरबी, सिगारेट, सुजलेल्या हिरड्या, साधा ताप, यांतलं काहीही सीआरपी चढवतं. मन कितीही प्रसन्न असो.

दाहाने मन खचतं याचे पुरावे मात्र भक्कम आहेत. हेपटायटिस सी साठी पूर्वी इंटरफेरॉन देत. ते शरीरात दाह उठवतं, आणि ते घेणाऱ्यांतला मोठा वाटा काही आठवड्यांत नैराश्यात जाई. मग दाह दाबला तर मन सुधारेल का? अटलांटात नैराश्याच्या औषधांना दाद न देणाऱ्या 60 रुग्णांवर इन्फ्लिक्सिमॅब हे दाह दाबणारं औषध वापरून पाहिलं. 2013 साली निकाल आला: सरसकट फायदा शून्य. ज्यांचा सीआरपी 5 च्या वर होता त्यांच्यात सुधारणेची चिन्हं दिसली. ज्यांचा कमी होता, त्यांना खोटं औषधच जास्त मानवलं. मला हा निकाल यशापेक्षा बोलका वाटतो. नैराश्य या एका नावाखाली बहुधा अनेक आजार नांदत असावेत.

म्हणून सीआरपी ही उदासी मोजायची फूटपट्टी नव्हे. लॅबमध्ये जाऊन ‘माझं डिप्रेशन बघा’ म्हणण्यात अर्थ नाही. (रिपोर्ट हातात आलाच तर एकक आधी वाचा. डेसिलिटरमागे 0.3 मिलिग्रॅम आणि लिटरमागे 3 मिलिग्रॅम एकच.) निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या 2015-16 च्या राष्ट्रीय पाहणीत दर वीस प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधीतरी नैराश्य आलेलं आढळलं, आणि नैराश्य असलेल्या शंभरातले 85 जण उपचारांपर्यंत पोचलेच नव्हते. या 85 पुढे तुळशीतले चार चमचे काहीच नाहीत. काळाचौकीहून केईएम रुग्णालयाचा मनोविकार विभाग फार लांब नाही. तेवढंही चालवत नसेल तर सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनचा 14416 लावा. तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.