विजय कोणाच्या खात्यावर?

बेसबॉल आपल्या मैदानांवर रुजला नाही. परंतु क्रिकेटच्या रसिकाला ठाऊक असलेले आकड्यांचे वेड त्या अमेरिकन खेळातही आहे. किंबहुना त्या खेळाच्या सांख्यिकीला शिस्त लावणारे हेन्री चॅडविक हे जन्माने इंग्रज आणि प्रारंभी क्रिकेटचेच वार्ताहर होते.

बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्यास पिचर म्हणतात. सामना जिंकला की तो विजय एका पिचरच्या नावे मांडला जातो. हरल्यास पराजयही एकाच्याच माथी येतो. वस्तुतः विजयाला धावा लागतात आणि त्या प्रामुख्याने इतरांनी काढायच्या असतात. मग पिचरचे मोल ठरवावे कसे?

संघाचे जुने दप्तर येथे साक्षीला येते. 1972 साली फिलाडेल्फिया फिलीज संघाने 59 सामने जिंकले आणि 97 गमावले. त्यांपैकी 27 विजय व 10 पराजय एकट्या स्टीव्ह कार्लटनच्या नावावर होते. उरलेल्या सर्व पिचरांच्या वाट्याला 32 विजय आणि 87 पराजय आले. संघाचा हा ताळेबंद शेजारी ठेवल्यावाचून कार्लटनच्या 27 विजयांची थोरवी उमगत नाही.

याच्या उलट उदाहरण नोलन रायनचे. 1987 साली नॅशनल लीगमध्ये दर नऊ डावांमागे सर्वांत कमी, म्हणजे 2.76 धावा त्याने दिल्या. फलंदाजाला स्वतःच्या चेंडूवर थेट बाद करण्यातही 270 बळींसह तो अग्रेसर होता. तरीही सहकाऱ्यांच्या धावांचे पाठबळ अपुरे पडल्याने त्याच्या नावे 8 विजय आणि 16 पराजय लागले. सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार दुसऱ्याला मिळाला.

संघाप्रमाणे काळही तपासावा लागतो. 1968 साली बॉब गिब्सनची सरासरी 1.12 होती, तर 2000 साली पेद्रो मार्टिनेझची 1.74. वरवर पाहता गिब्सन सरस. परंतु गिब्सनच्या लीगची सरासरी 2.99 होती आणि मार्टिनेझच्या लीगची 4.91! आपापल्या काळाशी ताडून पाहिल्यास मार्टिनेझचे पारडे किंचित जड ठरते. 1968 चा हंगाम पिचरांना इतका अनुकूल होता, की पुढच्याच वर्षी चेंडूफेकीचा उंचवटा 15 इंचांवरून 10 इंचांवर आणण्यात आला.

ही दृष्टी रुजण्यास वेळ लागला. 2018 साली न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डीग्रॉमच्या नावे अवघे 10 विजय आणि 9 पराजय होते; परंतु 1.70 ही त्याची सरासरी जाणून परीक्षकांनी त्यालाच साय यंग पुरस्कार दिला. रायनला जो न्याय नाकारला गेला, तो एकतीस वर्षांनी डीग्रॉमच्या पदरी पडला. आकडे खोटे बोलत नाहीत हे खरे. परंतु एकटा आकडा पुरी साक्षही देत नाही. माणसाचे कर्तृत्व जोखताना त्याच्यासोबत कोण होते आणि काळ कोणता होता, एवढे तरी विचारलेच पाहिजे.